तंबू विकायचा की ठेवायचा: कोजागिरीच्या एका मुक्कामाचं प्रकरण

कोथरूडमधल्या एका कुटुंबाने हौसेने तंबू घेतला, एक रात्र त्यात काढली आणि त्यानंतर तो विकायचा की ठेवायचा यावरून घरात दोन तट पडले. नवरा, आठवीतला मुलगा आणि चौथीतली मुलगी म्हणत होती, ठेवायचा. बायको म्हणत होती, विकायचा. गिऱ्हाईक मिळालं नाही तर कुणाला तरी तसाच देऊन टाकायचा. सासूबाईंनी मत दिलं नाही, पण गॅलरीत चार दिवस वाळत पडलेल्या दुलया रोज त्यांच्याही डोळ्यांसमोर होत्या.

बायको माझी कॉलेजपासूनची मैत्रीण. त्या मुक्कामाला मीही माझा तंबू घेऊन सोबत होते. दोघांच्या संमतीने, नावं टाळून, घडलं ते इथे मांडतेय. ‘एवढा खटाटोप करून तंबूत झोपायचं कशाला, आणि वर पाऊस आला तर?’ हा प्रश्न पुण्यात मला सतत विचारला जातो. त्याचं उत्तर शोधताना सगळे पावसावर बोट ठेवतात. या घरात पाऊस जेमतेम दोन तास पडला होता. भांडण मात्र पंधरा दिवस चाललं, आणि ते पावसाबद्दल नव्हतं.

बेत ठरला तो कोजागिरीचा. सहामाही परीक्षा संपली होती, पौर्णिमा सोयीच्या वारी आली होती, आणि चांदण्यात आटीव दूध प्यायला सोसायटीच्या गच्चीपेक्षा धरणाचा काठ केव्हाही चांगला, असं नवऱ्याचं म्हणणं. जागा पानशेतच्या पुढे, पाणफुगवट्याच्या वरच्या अंगाला, एका शेतकऱ्याच्या माळावर. पुण्यातून चाळीसेक किलोमीटर. ही जागा माझ्या ओळखीची. त्या शेतकऱ्याचं, म्हणजे दादांचं, घर माळापासून हाकेच्या अंतरावर आहे, पक्क्या भिंतींचं, वर पत्रे. मुक्कामाचे पैसे ते घेतात, आणि ते दिलेच पाहिजेत असं माझं ठाम मत आहे. धरणाच्या कडेची जमीन मोकळी दिसली म्हणजे कुणाची नसते असं नाही. बुडित क्षेत्र पाटबंधारे खात्याचं, वरची जंगलं वनखात्याची, अभयारण्यात रात्रीचा मुक्काम चालत नाही, आणि संरक्षित किल्ल्यांवर तंबू ठोकायला मनाई असते. विचारून, पैसे देऊन एखाद्याच्या शेतात उतरलं की पोटात गोळा न येता झोपता येतं. रात्री काही झालंच तर दार ठोठवायला एक घरही जवळ असतं. या प्रकरणात नेमकं तेच कामाला आलं.

तंबू दोन होते. त्यांचा ऑनलाइन मागवलेला, ‘चार माणसांचा’, तीन हजार दोनशे रुपयांचा. एकाच कापडाचा, वर जाळीची खिडकी आणि त्या खिडकीवर टोपीएवढं छोटं आवरण. दांड्या फायबरग्लासच्या. माझा दुहेरी: आतला तंबू जाळीदार कापडाचा, आणि त्याच्यावर जमिनीपर्यंत येणारं वेगळं आवरण, ज्याला सगळे फ्लाय म्हणतात. दांड्या ॲल्युमिनियमच्या.

तंबू घेताना दुकानात कुणी सांगत नाही असं एक इथे सांगते. कापडावर ‘वॉटर रेझिस्टंट’ असं नुसतं लिहिलेलं असेल तर त्यावरून काहीच कळत नाही. बघायचा तो आकडा मिलीमीटरमधला असतो: १५००, २०००, ३०००. कापडावर पाण्याचा स्तंभ उभा केला तर किती उंचीपर्यंत पाणी आरपार येत नाही, त्याचं ते माप. २००० म्हणजे दोन मीटर उंचीचं पाणी. तळाला त्याहून जास्त लागतं, कारण गुडघा किंवा कोपर टेकला की खालच्या ओल्या जमिनीवरचं पाणी दाबाने वर येतं. आणि कापड कितीही चांगलं असलं तरी शिवणीला सुईची भोकं असतातच. त्यांच्यावर आतून पट्टी चिकटवलेली आहे का, हे बोट फिरवून बघायचं. मैत्रिणीच्या तंबूवर आकडा नव्हता आणि शिवणींना पट्टीही नव्हती. तरीही मी त्याला वाईट तंबू म्हणणार नाही. कोरड्या हवेत तो पुरेसा आहे, फक्त तो ऑक्टोबरचा तंबू नव्हता.

ऑक्टोबरचा पाऊस आणि जुलैचा पाऊस हे दोन वेगळे प्राणी आहेत, आणि बहुतेक पुणेकर त्यांची गल्लत करतात. जुलैत सह्याद्रीच्या माथ्यावर दिवस-दिवस झड लागते. शिवाजीनगरला वर्षभरात सरासरी सातशे-साडेसातशे मिलीमीटर पाऊस पडतो, आणि तिथून पन्नासेक किलोमीटरवरच्या ताम्हिणीत काही हजार. तो पाऊस भिजवतो, थंडी आणतो, चिखल करतो. पण त्यात गडगडाट कमी असतो. परतीच्या पावसाचं तसं नाही. सकाळी लख्ख ऊन, दुपारी ऑक्टोबर हीटने अंगाची काहिली, हवेत भरपूर बाष्प, आणि तीन-चार वाजता ढग उभे चढायला लागतात. मग तास-दोन तास सोसाट्याचा वारा, टपोरे थेंब आणि विजा. एप्रिल-मेमधला वळीवही याच जातीचा. झडीत तंबू गळतो. वळवात तो उडतो, आणि वर वीज असते. गळणं हा त्रास आहे. वीज हा जिवाचा प्रश्न आहे. या दोघांना एकाच ‘खराब हवामान’ नावाच्या पिशवीत टाकलं की माणसं त्रासाला घाबरून घरी बसतात आणि धोक्यात मात्र ‘होईल काहीतरी’ म्हणत बसून राहतात.

त्या शनिवारी सकाळी हवामान खात्याचा पुणे जिल्ह्यासाठी पिवळा इशारा होता: तुरळक ठिकाणी विजांसह पाऊस. पिवळा इशारा म्हणजे बेत रद्द करा असं नसतं, लक्ष ठेवा असं असतं. आम्ही जायचं ठरवलं, पण आधी तीन गोष्टी पक्क्या करून. दादांना फोन करून घरात जागा मिळेल का ते विचारलं. तंबू माळाच्या मध्यभागी न लावता जरा उतरत्या बाजूला, पण पाणी वाहून जाईल अशा ठिकाणी लावायचे ठरवले. आणि ढग दिसल्यावर निर्णय मी घेणार, त्यावर चर्चा होणार नाही, हे नवऱ्याकडून वदवून घेतलं. तो चांगला माणूस आहे, पण हौशी आहे. आणि ढग डोक्यावर आल्यावर एकमत करत बसायला वेळ नसतो.

खडकवासल्याच्या चौपाटीवरची शनिवारची गर्दी, कणसं, भजी, गाड्यांची रांग, हे सगळं पार करून पोचायला अडीच वाजले. माळावर खुंट्या ठोकायला लागलो तेव्हा पहिली अडचण. आपल्याकडचा माळ म्हणजे वर वीतभर मुरूम-माती आणि खाली कातळ. खुंटी चार बोटं जाते आणि ठण्ण करून वाकते. यावर उपाय जुनाच: खुंटीचा नाद सोडायचा, डोक्याएवढे दगड गोळा करायचे, दोरीला फास करून दगडाला गुंडाळायची आणि त्या दगडावर आणखी एक दगड. मुलाने हे काम इतक्या मनापासून केलं की माझ्या तंबूच्या सगळ्या ताणदोऱ्या त्यानेच बांधल्या. त्यांच्या तंबूला ताणदोऱ्या दिलेल्याच चार होत्या, त्यातल्या दोन पिशवीतच राहिल्या, कारण ‘वारा कुठे आहे?’

दुसरी गोष्ट तळाखालच्या ताडपत्रीची. नवऱ्याने निळी ताडपत्री तंबूपेक्षा चांगली हातभर मोठी अंथरली, चिखल येऊ नये म्हणून. दिसायला ते शहाणपणाचं दिसतं. पण तंबूच्या भिंतीवरून ओघळलेलं पाणी बाहेर आलेल्या ताडपत्रीवर पडतं आणि तिच्यावरून थेट तंबूच्या पोटाखाली जातं. ताडपत्री तंबूच्या तळापेक्षा चार बोटं लहान हवी. मी तसं सांगितलं, त्याने दोन बाजू आत दुमडल्या, उरलेल्या दोन राहिल्या.

साडेपाचच्या सुमारास दादा बांधावरून आले. म्हणाले, “ताई, पूर्वेला बघा. तिकडून चढला म्हणजे येतोच.” पुण्यात वाढलेल्या माणसाला पाऊस नैर्ऋत्येकडून, घाटाकडून येणार अशी सवय असते, त्यामुळे आमच्यातलं कुणीच मागे वळून बघत नव्हतं. परतीच्या दिवसांत वारे फिरलेले असतात आणि गडगडाटी ढग पुष्कळदा पूर्वेकडूनच सरकत येतात. फोनवर दामिनी ॲप उघडलं. पुण्यातल्याच आयआयटीएमने, म्हणजे उष्णदेशीय हवामानाचा अभ्यास करणाऱ्या संस्थेने, केलेलं हे ॲप आपल्या आसपास विजा कुठे पडतायत ते दाखवतं, पण डोंगरात रेंजचा भरवसा नसतो, म्हणून मोजायची सवय ठेवावी. वीज चमकली की आकडे म्हणायला लागायचं. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे तीन सेकंदांना एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, आणि तेवढ्या अंतरावरून ती तुमच्यावरही पडू शकते. मुलगी मोठ्याने मोजत होती. पहिल्यांदा चाळीसच्या पुढे गेली, नंतर पस्तीस, मग सव्वीस. सव्वीसला मी सगळ्यांना उठवलं.

मैत्रीण तेव्हा स्टोव्हवर दूध आटवत होती. दोन लिटर दूध, घरून बदाम-पिस्ते कुटून आणलेले, केशर वेगळ्या डबीत. “दहा मिनिटं थांब ना, आत तंबूत ठेवते स्टोव्ह,” असं ती म्हणाली. तंबूत स्टोव्ह पेटवणं मी कधीही, कुणालाही, कसल्याही पावसात करू देत नाही. कापड भप्पकन पेट घेतं, आणि त्याहून वाईट म्हणजे बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू साचतो, ज्याला वास नसतो. स्टोव्ह विझवला, पातेलं झाकलं, पाच जण आणि एक पातेलं दादांच्या घरी निघालो. वाटेत बांधावरचा मोठा आंबा लागतो. मुलगा म्हणाला, “मावशी, झाडाखाली थांबूया का?” नाही. मोकळ्या रानातलं एकटं उंच झाड ही विजेसाठी सगळ्यात वाईट जागा. घरी पोचल्यावरही पडवीत बसू न देता मी सगळ्यांना माजघरात नेलं, कारण पडवी ही एका बाजूने उघडीच असते.

मग जो पाऊस आला त्याचं वर्णन करायची गरज नाही. पत्र्यावर इतका आवाज होता की बोलायचं तर कानाशी जावं लागत होतं. घरातल्या काकूंनी चुलीवर दूध पुन्हा चढवलं, आणि कोजागिरीचं दूध आम्ही चांदण्याऐवजी बल्बखाली प्यायलो. लाईट गेल्यावर चुलीच्या उजेडात. मुलांना विचाराल तर त्या रात्रीचा सगळ्यात आवडता भाग हाच, आणि मला ते पटतं. तंबू घेऊन बाहेर पडलो नसतो तर या घरात, या चुलीपाशी, पेला हातात धरून बसायचं काही कारणच नव्हतं.

शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबून आठच्या पुढे माळावर गेलो. माझा तंबू उभा, आत कोरडा. त्यांच्या तंबूची एक दांडी जोडापाशी उभी चिरलेली. फायबरग्लासचं हे असंच होतं. ॲल्युमिनियम वाकतं, हे उभं फाटतं आणि त्याच्या कुसळांनी हाताला बारीक जखमा होतात, म्हणून उघड्या हाताने धरू नये. तंबू एका बाजूने बसला होता आणि ताडपत्रीच्या न दुमडलेल्या कोपऱ्यातून आलेलं पाणी तळाशी साचलं होतं. त्या पाण्यात घरून आणलेल्या दोन दुलया आणि सासूबाईंनी शिवलेली गोधडी. स्लीपिंग बॅग भिजली तर पिळून निम्मी हलकी होते. कापसाची दुलई पाणी पिऊन उचलवत नाही अशी होते आणि उबही देत नाही.

चिरलेल्या दांडीवर वीतभर लांबीची ॲल्युमिनियमची नळी सरकवून दोन्ही टोकांना चिकटपट्टी गुंडाळली की तंबू उभा राहतो. अशी नळी माझ्या पिशवीत कायम असते. पण अंथरुण नव्हतं. म्हणून मैत्रीण, तिची मुलगी आणि मी माझ्या तंबूत, नवरा आणि मुलगा दादांच्या पडवीत काकूंच्या घोंगड्यांवर. तंबूची चेन मी स्वतः शेवटपर्यंत बंद केली. पावसानंतर बिळांत पाणी शिरतं आणि साप बाहेर पडतात, आणि मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते तेव्हा बऱ्याचदा दुखतही नाही. पूर्ण बंद होणारा तळ असलेला तंबू या एका बाबतीत उघड्यावरच्या अंथरुणापेक्षा केव्हाही सुरक्षित. मुलीला सकाळी बूट झटकूनच घालायचे हेही सांगून ठेवलं, विंचवासाठी.

साडेअकरानंतर आभाळ मोकळं झालं आणि चंद्र दिसला. मैत्रीण बाहेर येऊन बराच वेळ बसली. हे मुद्दाम लिहितेय, कारण पुढे ती जे बोलली त्यावरून तिला काहीच आवडलं नाही असा समज होईल, आणि तो खोटा ठरेल.

रविवारी दुपारी सगळे घरी. नवऱ्याने गाडी रिकामी केली, तंबू तसाच ओला गुंडाळून माळ्यावर टाकला आणि सोमवारी ऑफिसला गेला. इथून खरं प्रकरण सुरू होतं.

दुलया घरच्या मशीनमध्ये मावत नव्हत्या. धुलाईवाल्याने एक घेतली, दुसरी नाकारली. गोधडीचा रंग दुलईला लागला. चिखलाचे कपडे, दूध करपलेलं पातेलं, तेलकट डबे, स्टोव्ह, सगळं दोन फेऱ्यांत मोलकरणीने आणि तीन फेऱ्यांत मैत्रिणीने घासलं. बुधवारी माळ्यावरून आंबूस वास यायला लागला, तेव्हा तिनेच तंबू काढून गॅलरीत टांगला. ओला तंबू गुंडाळून ठेवला की बुरशी तर येतेच, शिवाय कापडावरचा पाणी अडवणारा पॉलियुरेथेनचा थर ओलाव्याने हळूहळू विघटित होतो, चिकट होतो आणि पापुद्र्यासारखा सुटायला लागतो. एका मोसमात तंबू मरतो तो पावसाने नाही, माळ्यावर. मी गुरुवारी गेले तेव्हा ती म्हणाली, “मला चंद्र आवडला. पण एका चंद्रासाठी माझा आठवडा गेला. यांना विचार, यांचं काय गेलं?”

मी नवऱ्याला तेच विचारलं. तो गोंधळला. त्याच्या लेखी मुक्काम शनिवारी दुपारी सुरू झाला आणि रविवारी दुपारी संपला. पावसाचं त्याला वाईट वाटत होतं, आणि ‘पावसामुळे हिचा मूड गेला’ असं त्याचं निदान होतं. म्हणून त्याच्या डोक्यात उपायही पावसावरचाच होता: बारा हजारांचा चांगला तंबू. तो बघूनही झाला होता.

मी दोघांना वेगवेगळं बसवून कामांची यादी करायला लावली. या एका मुक्कामासाठी, आधी आणि नंतर, जे जे केलं ते सगळं, अंदाजे वेळेसकट. त्याच्या यादीत अकरा कामं आली: तंबू मागवणं, गाडीत हवा, पेट्रोल, सामान चढवणं, गाडी चालवणं, तंबू लावणं, दादांचे पैसे, अशी. तिच्या यादीत चौतीस. मेनू, वाणसामान, सासूबाईंसाठी दोन दिवसांचा स्वयंपाक, मुलीचं सर्दीचं औषध, सगळ्यांचे जादा कपडे, टॉर्चचे सेल, मच्छरांचं मलम, पराठ्यांची कणीक, चटणी, बदाम-पिस्ते कुटणं, शेजारी किल्ली देणं, तिथे गेल्यावर तिन्ही वेळचं खाणं, आणि परतल्यानंतरचं सगळं. वेळ मिळवली तर त्याचे साडेपाच तास झाले, त्यातले तीन गाडी चालवण्याचे. तिचे सतरा. दोन्ही कागद मी टेबलावर शेजारी ठेवले. तो बराच वेळ वाचत राहिला आणि म्हणाला, “यातलं अर्धं मला माहीतच नव्हतं.” ते खोटं नव्हतं, आणि तीच अडचण होती.

तंबूच्या मुक्कामाचे कष्ट सार्थकी लागतात का, याला घराचं मिळून एक उत्तर देता येतच नाही असं माझं मत या प्रकरणाने पक्कं झालं. ज्याने साडेपाच तास दिले त्याला दगडावर दोऱ्या बांधणारा मुलगा, चुलीवरचं दूध आणि चंद्र हे सगळं स्वस्तात पडलं. जिने सतरा तास दिले तिला तेच महाग पडलं. आणि आपल्याकडे घराबाहेरचा स्वयंपाकसुद्धा घरच्याच बाईकडे जातो, हे इतकं अंगवळणी पडलेलं आहे की त्याला कुणी काम म्हणतच नाही. ‘हौसेने करते’ म्हणतात. मला याची चीड येते, आणि ती लपवायचं मला काही कारण दिसत नाही.

पर्याय तिनेच काढला होता: पवना. तिकोना-तुंगच्या पायथ्याशी धरणाच्या काठाने तयार तंबूंची रांग असते, माणशी हजार-दीड हजारांत संध्याकाळचा चहा-भजी, जेवण, सकाळचे पोहे. भांडी घासायची नाहीत, काही वाळवायचं नाही. या पर्यायाला नाकं मुरडणारे माझ्या ओळखीत पुष्कळ आहेत. मी मुरडत नाही. ज्या घरात कामाची वाटणी बदलणार नाही, तिथे बाईने तयार तंबूच निवडावा, कारण तिची सुट्टी ही सुट्टी राहते. मात्र शनिवारी रात्री तिथे शेजारच्या तंबूतलं घोरणंही ऐकू येईल इतकी दाटी असते आणि स्पीकर उशिरापर्यंत वाजतात. तिला नेमकी शांतता हवी होती. त्या रात्री एकटी बाहेर बसली होती, ते त्यासाठीच.

म्हणून नवीन तंबू घ्यायचा नाही, विकायचाही नाही, एकदा जानेवारीत याच तंबूने पुन्हा जायचं आणि मग ठरवायचं, असं मी सुचवलं. तिने अटी घातल्या, लेखी. स्वयंपाक करायचा नाही. रात्रीचं पिठलं-भाकरी काकूंकडून विकत, सकाळी चहा-बिस्किटं. आवराआवर आणि वाळवणं बापलेकाकडे. कापसाचं एकही अंथरूण न्यायचं नाही. सामानाची एक पेटी कायमची भरून ठेवायची, म्हणजे दर वेळी टॉर्च कुठाय आणि काडेपेटी कुठाय हे होणार नाही. आणि तंबू पूर्ण कोरडा झाल्याशिवाय माळ्यावर जाणार नाही.

जानेवारीत अडचणी वेगळ्या निघाल्या. आभाळ निरभ्र, वारा नाही, पाणी शेजारी: म्हणजे दव भरपूर. एका कापडाच्या तंबूत चार माणसं झोपली की श्वासातली वाफ गार कापडाला लागून आतून ओघळते, आणि पहाटे मुलं ‘गळतोय’ म्हणून उठतात. तो गळत नसतो. यावर उपाय थंडीत नकोसा वाटणारा आहे: वरची खिडकी आणि दाराचा वरचा भाग उघडा ठेवायचा. दुसरा उपाय जागेचा. ऑक्टोबरमध्ये ज्या आंब्याखाली मी कुणाला थांबू दिलं नव्हतं, त्याच आंब्याखाली या वेळी तंबू लावला, कारण झाडाखाली जमिनीची ऊब आभाळात लवकर निघून जात नाही आणि दव कमी पडतं. जानेवारीत विजेची भीती नव्हती. वाळलेली फांदी वर नाही एवढं पाहून घेतलं. शेजारी भात काढलेलं खाचर रिकामं, सपाट होतं आणि नवऱ्याचा डोळा त्यावर होता, पण भाताची धसकटं तंबूचा तळ भोसकतात म्हणून दादांनीच नको सांगितलं.

पहाटे नऊ अंश होते. थंडी वाजते ती वरून कमी आणि खालून जास्त, म्हणून पांघरूण वाढवण्याआधी अंगाखाली जाड फोमची चटई हवी. मुलगा एका साध्या योगा मॅटवर झोपला होता, त्याला पहाटे चारपासून झोप नव्हती. बाकीचे झोपले. मैत्रीण सकाळी सातपर्यंत झोपली, आणि उठल्यावर तिच्या हातात नवऱ्याने केलेला चहा आला. चहात साखर जास्त होती, ती काही बोलली नाही.

रविवारी संध्याकाळी तिच्या नवऱ्याने मला फोटो पाठवला: सोसायटीच्या गच्चीवर दोन दोऱ्यांवर उलटा टांगलेला तंबू, खाली मुलगा ओल्या फडक्याने तळ पुसतोय. या खेपेची यादी तिने पुन्हा केली, मी न सांगता. तिचे चार तास, त्याचे नऊ. तंबू राहिला. पुढच्या थंडीसाठी त्यांनी फोमच्या दोन चटया आणि ॲल्युमिनियमची एक नळी घेतली. बारा हजारांचा तंबू घेतला नाही.

मार्चमध्ये तिचा फोन आला. मुलांना काजवे बघायचेत, मेअखेरीस राजमाचीला तंबू घेऊन जाऊया का, म्हणून. मी नको म्हटलं. काजव्यांचे दिवस म्हणजे वळवाचे दिवस, तोच वारा आणि त्याच विजा, आणि पाऊस वेळेवरच येईल याचाही नेम नाही. २०२५ मध्ये मान्सून २६ मेलाच पुण्यात येऊन थडकला होता. काजव्यांसाठी राजमाचीच्या उधेवाडी गावात कुणाच्या घरी मुक्काम करावा, अंधार पडल्यावर टॉर्च बंद ठेवून तासभर बाहेर जावं, झाडाजवळच्या गवतात पाय घालू नये, आणि पुन्हा छपराखाली यावं. तिने विचारलं, “मग तंबू?” तो राहू दे माळ्यावर, दिवाळी होऊन थंडी पडेपर्यंत.